शिकत राहिलेला विजेता : ड्यूक कहानामोकू

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई नावाची बेटे आहेत. ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून ही बेटे तयार झाली. चोहोकडे निळा समुद्र, किनाऱ्यावर नारळाची झाडे आणि किनाऱ्याकडे धावत येणाऱ्या उंच लाटा, असा तेथील देखावा असतो. या बेटांवरील मुलांना पाण्याची भीती ठाऊक नसते. अशाच एका मुलाची ही कथा आहे. त्याचे नाव ड्यूक कहानामोकू.

ड्यूकचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू या शहरात झाला. ड्यूक ही इंग्लंडमधील सरदारांची पदवी आहे. परंतु आपल्या या ड्यूककडे सरदारकी नव्हती. ते त्याच्या वडिलांचे नाव होते आणि थोरला मुलगा म्हणून तेच त्यालाही मिळाले. वडील पोलीस खात्यात नोकरी करत. घरात सहा भाऊ आणि तीन बहिणी होत्या. तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते. ड्यूक अडीच वर्षांचा असताना, १८९३ साली, तेथील राणीची सत्ता गेली. पुढे १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या ताब्यात घेतली. त्यामुळे ड्यूक मोठेपणी जगातील शर्यतींत उतरला, तो अमेरिकेचा खेळाडू म्हणून.

त्याचे बालपण वायकीकीच्या किनाऱ्यावर गेले. पोहणे, होडी वल्हवणे आणि लाकडी फळीवर उभे राहून लाटांवरून घसरत किनाऱ्याला येणे, हे त्याचे रोजचे खेळ होते. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्याचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. तो किनाऱ्यावरच काम करू लागला. त्याची उंची सहा फुटांहून अधिक होती. हातांचे पंजे रुंद आणि पावले लांब होती. पाण्यात तो इतक्या सहजपणे पुढे जाई, की पाहणाऱ्याला त्यात काही मेहनत आहे असे वाटतच नसे.

११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलूच्या बंदरात जलतरणाची स्पर्धा भरली. तेथे बांधीव तलाव नव्हता. बंदराच्या धक्क्यांमधील खाऱ्या पाण्यात दोऱ्या लावून अंतर आखले होते. शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या शर्यतीत ड्यूक ५५.४ सेकंदांत दुसऱ्या टोकाला पोहोचला. पंचांनी आपापली घड्याळे पुन्हा पुन्हा पाहिली. नंतर अंतरही पुन्हा मोजले. सर्व काही बरोबर होते. नवा विक्रम झाला होता.

ही बातमी अमेरिकेतील जलतरण संघटनेकडे पाठवण्यात आली. परंतु तेथील अधिकाऱ्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. कोणाचेही नाव न ऐकलेल्या, दूरच्या बेटावरील तरुणाने एवढा मोठा पराक्रम केला, हे त्यांना पटेना. घड्याळे चुकली असतील, समुद्राच्या प्रवाहाने त्याला मदत केली असेल, अशा शंका काढण्यात आल्या. विक्रम मान्य झाला नाही. ड्यूक एकवीस वर्षांचा होता. अशा वेळी रागावून घरी बसणे सोपे होते. परंतु ड्यूकने आणि त्याच्या मित्रांनी दुसरा मार्ग धरला. ज्या तलावांवर अधिकाऱ्यांचा विश्वास आहे, त्याच तलावांत जाऊन पोहून दाखवायचे असे ठरले. होनोलुलूच्या लोकांनी वर्गणी गोळा केली आणि १९१२ च्या सुरुवातीला ड्यूक अमेरिकेला निघाला.

तेथे गेल्यावर त्याला एक नवीनच गोष्ट समजली. समुद्रात पोहणे वेगळे आणि शर्यतीच्या तलावात पोहणे वेगळे. वायकीकीचे पाणी उबदार होते. येथे कडाक्याची थंडी होती. समुद्राला भिंत नसते. तलावाला मात्र दोन्ही टोकांना भिंती असतात. पंचवीस यार्डांच्या तलावात शंभर यार्ड पोहायचे, तर तीन वेळा भिंतीला हात लावून वळावे लागते. ड्यूकला वळणे येत नव्हते. तो वेगाने भिंतीपाशी पोहोचे आणि वळताना मिळवलेला वेळ गमावून बसे. काठावरून उडी मारून शर्यतीला सुरुवात कशी करावी, याचेही शिक्षण त्याला मिळालेले नव्हते.

फिलाडेल्फिया येथील विद्यापीठात जॉर्ज किस्टलर नावाचे जलतरणाचे अनुभवी प्रशिक्षक होते. ड्यूक त्यांच्या हाताखाली शिकू लागला. जन्मापासून पाण्यात वाढलेला हा तरुण आता नवशिक्या मुलाप्रमाणे पहिल्या धड्यापासून सुरुवात करत होता. बंदुकीचा आवाज होताच शरीर कसे झोकून द्यावे, पाण्यात शिरताना ते कसे सरळ ठेवावे, याचा त्याने सराव केला. भिंतीला हाताचा स्पर्श होताच पाय झटकन पोटाशी घ्यायचे, तळवे भिंतीला टेकवायचे आणि स्प्रिंग सुटावी तसे शरीर पुढे लोटायचे, हे तो शिकला. नीट वळता आले, तर भिंत अडथळा न राहता मदतीला येते. तिच्यावर पाय रोवून मिळणारा वेग हातपाय मारून मिळणाऱ्या वेगापेक्षा जास्त असतो. ही गोष्ट ऐकायला लहान वाटते. परंतु शर्यतीतील जय आणि पराजय यांत पुष्कळदा सेकंदाच्या काही भागाचेच अंतर असते.

शिकण्यासारखे ड्यूककडे जसे पुष्कळ होते, तसेच इतरांना देण्यासारखेही होते. ज्या प्रकारात पोहणारा पोटावर आडवा राहून एकामागून एक हात पुढे टाकतो आणि पाय वरखाली हलवतो, त्याला क्रॉल म्हणतात. त्या काळी अनेक जलतरणपटू दोन्ही हातांचा एक फेरा होईपर्यंत पायांचे दोनच ठोके मारत. ड्यूक तेवढ्याच वेळात सहा ठोके मारी. पाय गुडघ्यापासून न हलवता तो मांडीपासून हलवी आणि घोटे सैल सोडी. त्यामुळे त्याचे शरीर पाण्यावर उंच आणि सपाट राही. शरीर जितके सपाट, तितका पाण्याचा अडथळा कमी. खाली लोंबणारे पाय हे गाडीच्या चाकाला लावलेल्या ब्रेकसारखे असतात. पायांच्या या सततच्या ठोक्यांमुळे ड्यूकच्या मागे पाण्याची पांढरी रेघ उमटत जाई. हे कसब त्याला हवाईच्या समुद्राने दिले होते. आता त्याला तलावाच्या शिस्तीची जोड मिळाली.

थोड्याच महिन्यांत अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात त्याची निवड झाली. १९१२ चे ऑलिंपिक सामने स्वीडन देशातील स्टॉकहोम शहरात होते. खेळाडू बोटीने निघाले. प्रवास दोन आठवड्यांचा होता. एवढे दिवस सराव बंद ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून बोटीच्या डेकवर जाड कापडाचे एक लहानसे टाके बांधून त्यात समुद्राचे पाणी भरण्यात आले. जलतरणपटूच्या कमरेला दोरी बांधत आणि तो एकाच जागी राहून हातपाय मारत राही. अशा रीतीने महासागरावरून जाताना ड्यूक एका टाक्यात पोहत होता.

स्टॉकहोममध्ये समुद्राच्या एका खाडीत मचाणे उभारून शर्यतीची जागा तयार केली होती. शंभर मीटरच्या पहिल्या फेऱ्यांत ड्यूक सहज पुढे राहिला. त्यानंतर मात्र एक मोठा घोटाळा झाला. उपान्त्य शर्यत केव्हा आहे, याबाबत अमेरिकन संघाचा गैरसमज झाला. शर्यतीच्या वेळी ड्यूक आणि त्याचे सोबती तेथे हजरच नव्हते. नियमाप्रमाणे ते स्पर्धेतून बाद ठरणार होते. वर्षभराची मेहनत वाया जाण्याची वेळ आली.

अशा प्रसंगी सेसिल हीली हा ऑस्ट्रेलियाचा जलतरणपटू पुढे आला. ड्यूक बाद झाला असता तर सुवर्णपदक मिळण्याची सर्वांत अधिक शक्यता हीलीचीच होती. तरीही अमेरिकन खेळाडूंना संधी मिळाली पाहिजे, अशी भूमिका त्याने घेतली. सर्वांत वेगवान माणसाला बाहेर ठेवून मिळवलेला विजय हा खरा विजय नव्हे, असे त्याला वाटत होते. अखेर अमेरिकन खेळाडूंसाठी एक वेगळी उपान्त्य शर्यत घेण्यात आली. तीत ड्यूकने १ मिनिट २.४ सेकंद अशी वेळ नोंदवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. १० जुलै १९१२ रोजी अंतिम शर्यत झाली. ड्यूकने १ मिनिट ३.४ सेकंदांत ती जिंकली. दुसरा क्रमांक सेसिल हीलीचा आला. सुवर्णपदक ड्यूकच्या गळ्यात पडले. परंतु त्या पदकात हीलीच्या दिलदारपणाचाही वाटा होता. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, हीली फ्रान्समध्ये मारला गेला.

स्टॉकहोमनंतर दहाच दिवसांनी ड्यूकने जर्मनीतील हँबर्ग शहरात शंभर मीटर अंतर १ मिनिट १.६ सेकंदांत कापले. हा नवा जागतिक विक्रम होता. या वेळी कोणीही शंका घेतली नाही.

आता ड्यूकचे नाव सर्वत्र झाले होते. १९१४ च्या अखेरीस त्याला ऑस्ट्रेलियाचे आमंत्रण आले. क्रॉल पोहण्यात ऑस्ट्रेलियाचे खेळाडू तेव्हा फार पुढे होते. सिडनी शहरातील तलावात २ जानेवारी १९१५ रोजी ड्यूकने शंभर यार्ड ५३.८ सेकंदांत पार केले. तेथील लोकांनी त्याच्या पायांचे ठोके बारकाईने पाहिले. तेथेच त्याने लाकूड तासून एक फळी तयार केली आणि लाटांवर उभे राहून चालण्याचा आपल्या बेटांचा खेळ हजारो लोकांना दाखवला. आज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर हा खेळ घरोघरी पोहोचला आहे.

परंतु या सन्मानाला दुसरी बाजूही होती. ऑलिंपिकच्या त्या काळच्या नियमानुसार खेळाडूला खेळातून पैसा मिळवण्याची परवानगी नव्हती. टाळ्या पुष्कळ मिळत. पोट मात्र लहानसहान कामे करून भरावे लागे. अमेरिकेत ड्यूकच्या सावळ्या रंगामुळे काही ठिकाणी त्याचा अपमानही होई. जो माणूस त्या देशासाठी पदके मिळवत होता, त्यालाच तेथील काही उपाहारगृहांत जागा मिळत नसे. ड्यूक शांत स्वभावाचा होता. तो भांडत नसे. आपले काम तो सोडत नसे.

पहिल्या महायुद्धामुळे १९१६ चे ऑलिंपिक सामने रद्द झाले. त्या वर्षी ड्यूक सव्वीस वर्षांचा झाला. वेगाच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या खेळाडूची ही ऐन भराची वर्षे असतात. ती त्याला ऑलिंपिकविना घालवावी लागली. तरीही त्याने सराव थांबवला नाही. ९ ऑगस्ट १९१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने शंभर मीटर अंतर १ मिनिट १.४ सेकंदांत पार केले. सहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या विक्रमापेक्षा ही वेळ फक्त ०.२ सेकंदाने कमी होती. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच हा फरक! तो भरून काढायला सहा वर्षे लागली. वर्गात शेजारी बसलेल्या मित्राला सांगूनही पटणार नाही, इतकी ही कमाई लहान आहे. परंतु शिखराजवळ पोहोचलेल्या माणसाची पावले अशीच लहान असतात.

त्याच वर्षी ड्यूक रेड क्रॉस संस्थेच्या मदतीसाठी पोहण्याचे प्रयोग करत अमेरिकेत फिरत होता. तेव्हा जगभर इन्फ्लुएंझा तापाची भयंकर साथ पसरली होती. ड्यूकलाही हा ताप आला आणि तो फार अशक्त झाला. त्याचे वय आता अठ्ठावीस होते. त्याच्या खेळाचे दिवस संपले, असे कोणी म्हटले असते तर ते चूक वाटले नसते. बरा झाल्यावर ड्यूक पुन्हा पाण्यात उतरला.

१९२० चे ऑलिंपिक बेल्जियम देशातील अँटवर्प शहरात झाले. शहराभोवतीच्या जुन्या खंदकात शर्यतीची जागा आखली होती. पाणी काळपट होते आणि इतके थंड, की खेळाडूंचे अंग गारठून जाई. २४ ऑगस्ट १९२० रोजी शंभर मीटरची अंतिम शर्यत झाली. तो ड्यूकचा तिसावा वाढदिवस होता. त्याने १ मिनिट ०.४ सेकंदात शर्यत जिंकली आणि नवा जागतिक विक्रम केला. आनंद साजरा करतात तोच तक्रार आली. आपल्याला शर्यतीत अडथळा झाला, असे एका ऑस्ट्रेलियन खेळाडूचे म्हणणे होते. पंचांनी शर्यत पुन्हा घ्यायचे ठरवले. मिळालेला विजय हातचा जात होता. पाच दिवसांनी ड्यूक पुन्हा त्या थंड पाण्यात उतरला आणि १ मिनिट १.४ सेकंदांत पुन्हा पहिला आला. दुसरा आणि तिसरा क्रमांक मिळवणारे खेळाडूही हवाईचेच होते. चौघांच्या सांघिक शर्यतीतही ड्यूकच्या संघाने सुवर्णपदक जिंकले.

स्टॉकहोमची अंतिम शर्यत ड्यूकने एकविसाव्या वर्षी जिंकली होती. अँटवर्पमध्ये तिसाव्या वर्षी तो त्याहून तीन सेकंद अधिक वेगाने पोहला. वय वाढले, तसा वेगही वाढला. याचे कारण केवळ ताकद नव्हते. तिसाव्या वर्षी माणसाच्या अंगात विशीपेक्षा अधिक बळ येते असे नाही. परंतु त्याला आपले बळ नीट वापरता येऊ लागते. हात पाण्यात कोठे टाकायचा, श्वास केव्हा घ्यायचा, शर्यतीच्या कोणत्या भागात किती जोर लावायचा, हे ड्यूकच्या अंगवळणी पडले होते. पाण्याशी झगडण्यात जाणारी शक्ती आता पुढे जाण्यासाठी वापरली जात होती.

दरम्यान अमेरिकेत जॉनी वाइसमुलर नावाचा एक तरुण उदयाला आला. ९ जुलै १९२२ रोजी त्याने शंभर मीटर अंतर ५८.६ सेकंदांत पोहून ड्यूकचा विक्रम मोडला. एका मिनिटाची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हे दोघे समोरासमोर आले. वाइसमुलर वीस वर्षांचा होता. ड्यूक चौतिशीत पदार्पण करण्याच्या बेतात होता. त्याच अंतिम शर्यतीत ड्यूकचा धाकटा भाऊ सॅम हाही होता.

वाइसमुलरने ५९ सेकंदांत शर्यत जिंकली. ड्यूक दुसरा आला आणि सॅम तिसरा. ड्यूकची वेळ होती १ मिनिट १.४ सेकंद. हा आकडा आपण आधी वाचला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१८ साली याच वेळेने त्याला जागतिक विक्रम मिळवून दिला होता. अँटवर्पमध्ये दुसऱ्यांदा घेतलेली शर्यत त्याने याच वेळेत जिंकली होती. पॅरिसमध्ये त्याच वेळेला रौप्यपदक मिळाले. ड्यूक मागे पडला नव्हता. जग पुढे गेले होते. आणि जगाला पुढे नेणाऱ्यांत स्वतः ड्यूकही होता. पायांच्या सहा ठोक्यांचा जो क्रॉल त्याने देशोदेशी दाखवला होता, तोच प्रकार आता नव्या पिढीच्या हाती आला होता. ड्यूकने हा पराभव हसतमुखाने स्वीकारला.

पदके कपाटात राहतात. अंगी आलेली विद्या मात्र वेळेला धावून येते. १४ जून १९२५ रोजी ड्यूक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियातील न्यूपोर्टजवळ होता. समुद्र खवळला होता. मासे पकडायला निघालेली थेल्मा नावाची होडी उंच लाटांत सापडून उलटली. होडीत एकोणतीस माणसे होती. ड्यूकने आपली लांब फळी उचलली आणि लाटांत उडी घेतली. बुडणाऱ्या माणसांना फळीवर घेऊन त्याने किनाऱ्याला आणले आणि लगेच पुन्हा समुद्रात धाव घेतली. अशा फेऱ्या करून त्याने एकट्याने आठ जणांचे प्राण वाचवले. त्याच्या सोबत्यांनी आणखी चार जणांना वाचवले. सतरा माणसे मात्र बुडाली. या घटनेनंतर किनाऱ्यावरील जीवरक्षकांनी बचावाच्या कामासाठी अशा फळ्या वापरण्यास सुरुवात केली. त्या दिवशी घड्याळ लावून कोणी उभे नव्हते. परंतु ड्यूकच्या आयुष्यातील सर्वांत मोठी शर्यत कोणती, असे विचारले तर अनेकजण हीच शर्यत सांगतील.

पुढे ड्यूक होनोलुलूला परत आला. १९३४ साली लोकांनी त्याला तेथील शेरीफ म्हणून निवडून दिले. १९६१ पर्यंत लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. बेटांवर येणाऱ्या पाहुण्यांचे तो स्वागत करी आणि नव्या मुलांना पाण्याची गोडी लावी. २२ जानेवारी १९६८ रोजी त्याचे निधन झाले. त्याची रक्षा वायकीकीच्या समुद्रात सोडण्यात आली. त्याच किनाऱ्यावर १९९० मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला.

ज्या बंदरात १९११ साली ड्यूकने विक्रम केला, तेथपर्यंत त्याला समुद्राने आणून सोडले होते. त्यापुढची वाट त्याने स्वतः चालून काढली. आपल्याला काय येते, हे दाखवण्याआधी आपल्याला काय येत नाही, हे त्याने पाहिले. तारुण्यातही तो शिष्य होऊन भिंतीपाशी वळणे शिकला, विजेता झाल्यावरही तो सराव करत राहिला आणि हरल्यावरही पाण्याशी असलेले नाते त्याने तोडले नाही. निसर्गाची देणगी थोड्यांनाच मिळते. पण शिकण्याची तयारी ज्याची त्याने ठेवायची असते. ड्यूककडे दोन्ही होत्या, म्हणूनच तिसाव्या वाढदिवशी तो जगातील सर्वांत वेगवान जलतरणपटू ठरला.